धनी आणि ठेकेदार : डेटा प्रोसेसरच्या कायदेशीर जबाबदारीचा इतिहास

बँकेच्या खातेदारांची विवरणपत्रे छापून पाकिटात भरणारा छापखाना, कारखान्यातील कामगारांचे पगारपत्रक तयार करून देणारी संस्था, रुग्णालयाच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर सांभाळणारी क्लाउड कंपनी आणि विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेणारे कॉल सेंटर या सर्वांमध्ये एक गोष्ट समान असते. लोकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या हाती असते, पण ती कशासाठी वापरायची हे त्यांनी ठरवलेले नसते. ते ठरवणारा धनी दुसराच असतो. डेटा संरक्षणाच्या कायद्यांत माहितीच्या वापराचा हेतू आणि त्याची रीत ठरवणाऱ्याला ‘नियंत्रक’ म्हणतात, आणि नियंत्रकाच्या वतीने व त्याच्या सूचनेनुसार माहिती गोळा करणे, साठवणे, जुळवणे, पाठवणे किंवा नष्ट करणे यांपैकी कोणतेही काम करणाऱ्याला ‘डेटा प्रोसेसर’ म्हणतात. नियंत्रकाचा पगारी नोकर प्रोसेसर ठरत नाही. प्रोसेसर ही कायद्याच्या दृष्टीने नियंत्रकाहून वेगळी व्यक्ती किंवा संस्था असावी लागते.

या दोघांमधला संबंध कराराचा असतो आणि ज्याची माहिती आहे तो माणूस त्या कराराबाहेर असतो. त्याने करारावर सही केलेली नसते, बहुतेक वेळा असा करार झाल्याचे त्याला ठाऊकही नसते, आणि तरीही करार मोडला तर सर्वांत मोठी झळ त्यालाच बसते. प्रोसेसरच्या हातून माहिती फुटली तर त्या माणसाने कोणाकडे दाद मागायची, या प्रश्नाभोवती गेल्या अर्धशतकातील कायदा फिरत राहिला आहे. आधी प्रोसेसर मोकळा होता, मग तो कराराने बांधला गेला आणि शेवटी २०१८ पासून कायद्याला थेट जबाबदार झाला, अशी सरळ चढत्या पायऱ्यांची समजूत आजचा युरोपीय कायदा पाहून सहज होते. प्रत्यक्षात ही जबाबदारी १९७० आणि १९८० च्या दशकांतच काही देशांनी थेट प्रोसेसरवर टाकली होती, १९९० च्या दशकात ब्रिटनसारख्या देशाने ती काढून घेतली आणि वीस वर्षांनी ती परत आणावी लागली. भारतात हीच ये-जा आणखी थोड्या काळात घडली.

कायद्यापेक्षा हा धंदा बराच जुना आहे. हर्मन हॉलरिथ याच्या पंचकार्डांच्या यंत्रांनी १८९० ची अमेरिकेची जनगणना मोजली, तेव्हापासून माणसाची माहिती छिद्रांच्या रूपात कार्डावर उतरू लागली; पण ही यंत्रे महाग असल्याने ती विकत घेण्याऐवजी आपले काम दुसऱ्याच्या यंत्रावर पैसे देऊन करून घेण्याची पद्धत पडली. अशी कामे करून देणाऱ्या संस्थांना ‘सर्व्हिस ब्यूरो’ म्हणत. लंडनमध्ये चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स या कंपनीने स्वतःच्या हिशेबांसाठी ‘लिओ’ हा संगणक बांधला, १९५१ च्या नोव्हेंबरात बेकरीच्या मालाचे मूल्यांकन त्यावर नियमित सुरू केले आणि १९५६ मध्ये फोर्ड मोटार कंपनीच्या ब्रिटनमधील कामगारांचे पगार त्याच यंत्रावर काढून देण्यास सुरुवात केली. अमेरिकेत आयबीएमने १९५७ मध्ये ‘सर्व्हिस ब्यूरो कॉर्पोरेशन’ ही वेगळी कंपनी काढली. जर्मनीत न्यूरेंबर्ग परिसरातील कर सल्लागारांनी १९६६ मध्ये एकत्र येऊन आपल्या अशिलांचे हिशेब संगणकावर करण्यासाठी ‘डाटेव्ह’ ही सहकारी संस्था स्थापन केली. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवातीची कामेही याच जातीची होती: टिस्कोसाठी पंचकार्डांची सेवा, सेंट्रल बँकेच्या शाखांमधील व्यवहारांची जुळणी आणि युनिट ट्रस्टसाठी ब्यूरो सेवा.

अशा ब्यूरोतील कामाची रीत पाहिली की पुढच्या कायद्यांची भाषा कोठून आली हे कळते. ग्राहक कंपनीकडून हजेरीपटांचे किंवा पावत्यांचे गठ्ठे येत. पंच ऑपरेटर प्रत्येक नोंद ऐंशी स्तंभांच्या कार्डावर छिद्रे पाडून उतरवी. दुसरी ऑपरेटर तीच नोंद पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकित करी आणि दोघींच्या नोंदीत फरक पडला तर यंत्र तेथेच थांबे. मग कार्डे वर्गवारीच्या यंत्रातून जात आणि छापील तक्ते बांधून ग्राहकाकडे परत पाठवले जात. प्रत्येक टप्प्यावर माहिती अनेक हातांतून जात असे, आणि गठ्ठा किती नोंदींचा आला व किती नोंदींचा परत गेला याचा मेळ घालणे हा धंद्याचा शिरस्ताच होता. गुप्तता पाळली जात होती, पण ती ग्राहक कंपनीच्या व्यापारी गुपितांसाठी. पगारपत्रकात ज्याचे नाव आहे त्या कामगाराचे ब्यूरोशी काही नाते आहे, हा विचार तेव्हाच्या करारांत नव्हता.

जगातील पहिला डेटा संरक्षण कायदा पश्चिम जर्मनीतील हेसन राज्याने ऑक्टोबर १९७० मध्ये केला, आणि त्याच्या मुळाशीही ब्यूरोचाच प्रश्न होता हे सहसा लक्षात घेतले जात नाही. हेसनने त्याच सुमारास राज्यासाठी एक मध्यवर्ती संगणक केंद्र आणि नगरपालिका व जिल्ह्यांसाठी सामाईक संगणक केंद्रे उभारण्याचे ठरवले होते. त्यामुळे जी माहिती पूर्वी त्या त्या कचेरीच्या कपाटात असे ती आता दुसऱ्याच संस्थेच्या यंत्रावर जाणार होती. ती तेथे कोण पाहील, कोण बदलील, कोण बाहेर नेईल, याची चिंता त्या कायद्यामागे होती. तो फक्त राज्याच्या सार्वजनिक कचेऱ्यांना लागू होता; खासगी ब्यूरो त्याच्या कक्षेबाहेर राहिले. स्वीडनने १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा पहिला कायदा केला, त्यात संगणकीय नोंदवही ठेवण्यासाठी परवाना लागत असे आणि परवाना घेणारा, म्हणजे नोंदवहीचा धनी, हाच कायद्याच्या समोर उभा असे. पण दुसऱ्या देशातील ठेकेदाराकडे काम देण्याचा प्रश्न लगेचच उभा राहिला. स्वीडनमधील नागरिकांची आरोग्यकार्डे ब्रिटनमधील कंपनीकडून तयार करून घेण्याचा एक प्रस्ताव स्वीडिश डेटा निरीक्षण मंडळाने नाकारला, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा डेटा संरक्षणाचा कायदाच नव्हता. कायदा नसल्यामुळे धंदा हातचा जातो, ही जाणीव ब्रिटिश उद्योगाला अशा प्रकरणांतून झाली.

प्रोसेसरच्या जबाबदारीची खरी मांडणी मात्र पश्चिम जर्मनीच्या संघीय कायद्यात सापडते. जानेवारी १९७७ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९७८ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या डेटा प्रक्रियेसाठी स्वतंत्र कलमे लिहिली. काम देणाऱ्याच्या सूचनांच्या चौकटीतच माहितीवर प्रक्रिया करता येईल, हा नियम त्यात घातला गेला. सेवा म्हणून असे काम करणाऱ्या खासगी ब्यूरोंना पर्यवेक्षण यंत्रणेकडे आपली नोंद करणे, डेटा संरक्षण अधिकारी नेमणे आणि सुरक्षेची व्यवस्था ठेवणे ही कर्तव्ये थेट कायद्याने लागू झाली. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात सुरक्षेच्या दहा नियंत्रणांची यादी होती. यंत्राच्या खोलीत कोण येते, माहितीची साधने कोण बाहेर नेते, साठ्यात कोण नोंद करते, यंत्रणा कोण वापरते, कोणाला कोणत्या नोंदी दिसतात, माहिती कोणाकडे पाठवली गेली, नोंद कोणी आणि केव्हा केली, वाहतुकीत काय घडते, अशी ती यादी पंचकार्डांच्या खोलीतून उठून कायद्यात आल्यासारखी दिसते, आणि तिच्यात ‘कामाचे नियंत्रण’ हेही एक होते: सोपवलेल्या माहितीवर धन्याच्या सूचनेबाहेर काही केले जाणार नाही याची हमी देणारी व्यवस्था. आज जगभरच्या करारांना जोडल्या जाणाऱ्या ‘तांत्रिक व संघटनात्मक उपायां’च्या परिशिष्टांत या दहा कलमांचे वंशज स्पष्ट ओळखू येतात, आणि पन्नास वर्षांत यंत्रे पूर्णपणे बदलली तरी ती यादी टिकून राहिली, हे तिच्या रचनाकारांच्या सूक्ष्म दृष्टीचे फळ आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर याच्या उलट कल दिसला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने सप्टेंबर १९८० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा मसुदा ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने केला होता, आणि त्या तत्त्वांच्या स्पष्टीकरणात दुसऱ्यांच्या वतीने काम करणारे सर्व्हिस ब्यूरो नियंत्रकाच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळले होते. युरोप परिषदेच्या जानेवारी १९८१ च्या करारातही ‘फाइलचा नियंत्रक’ एवढीच संकल्पना होती. प्रोसेसरला तेथे जागा नव्हती.

म्हणूनच ब्रिटनचा १९८४ चा कायदा मुद्दाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. युरोप परिषदेच्या करारात सामील होण्यासाठी आणि व्यापारातील अडथळा टाळण्यासाठी केलेला हा कायदा उत्साहाने केलेला नव्हता, तरीही त्याने ‘डेटा वापरकर्ता’ आणि ‘संगणक ब्यूरो’ अशा दोन भूमिका वेगळ्या मांडल्या आणि दोघांनाही कायद्यापुढे आणले. ब्यूरो चालवणाऱ्याला डेटा संरक्षण रजिस्ट्रारकडे नोंदणी करावी लागे. कायद्याला जोडलेल्या आठ तत्त्वांपैकी सुरक्षेचे आठवे तत्त्व ब्यूरोलाही बंधनकारक होते. ज्याच्यासाठी सेवा दिली जाते त्याच्या पूर्वसंमतीशिवाय ब्यूरोने माहिती उघड करणे कायद्याने मना होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माहिती हरवली, नष्ट झाली किंवा परवानगीशिवाय उघड झाली आणि त्यामुळे एखाद्याचे नुकसान झाले, तर त्या माणसाला डेटा वापरकर्त्याकडून किंवा थेट ब्यूरोकडून भरपाई मागता येत असे. कराराबाहेरच्या माणसाला ठेकेदारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता येथे कायद्याने बांधून दिला होता. नोंदणीची कागदपत्रे किचकट होती आणि लहान व्यावसायिकांना ती जाचक वाटत, हे खरे. पण जबाबदारीच्या वाटणीचा विचार करता हा कायदा त्याच्या नंतरच्या कायद्यापेक्षा अधिक समंजस होता.

तो नंतरचा कायदा आला युरोपीय संघाच्या २४ ऑक्टोबर १९९५ च्या निर्देशातून. निर्देश म्हणजे संघाने घालून दिलेली अशी चौकट, जी प्रत्येक सदस्य देशाला आपल्या स्वतःच्या कायद्यात उतरवावी लागते. युरोपीय आयोगाच्या पहिल्या प्रस्तावात प्रोसेसर हा शब्दही नव्हता, फक्त तिसऱ्याकडे काम दिल्याने माणसाचे संरक्षण कमी होऊ नये एवढी काळजी होती. युरोपीय संसदेच्या सूचनेवरून सुधारित प्रस्तावात प्रोसेसरची स्वतंत्र व्याख्या आली. पण व्याख्या देताना निर्देशाने त्याची जबाबदारी करारात ढकलली. नियंत्रकाने पुरेशी हमी देणारा प्रोसेसर निवडावा, त्याच्याशी लेखी करार करावा, आणि त्या करारात प्रोसेसर फक्त नियंत्रकाच्या सूचनेनुसार वागेल व सुरक्षेचे उपाय करील असे लिहिलेले असावे, अशी ही योजना होती. ब्रिटनने १९९८ चा नवा कायदा याच नमुन्यावर केला. मार्च २००० मध्ये तो अंमलात आला तेव्हा ब्यूरोची नोंदणी, त्याचे सुरक्षेचे कर्तव्य आणि त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क हे सारे नाहीसे झाले होते.

या बदलाच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद होता, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. जबाबदारी दोघांवर विभागली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि सामान्य माणूस हेलपाटे घालत राहील. त्यापेक्षा ज्याला तो ओळखतो, ज्याच्याशी त्याचा व्यवहार आहे, त्या नियंत्रकालाच सर्व गोष्टींसाठी जबाबदार धरावे आणि नियंत्रकाने पुढे आपल्या ठेकेदाराकडून करारानुसार वसुली करावी, हे अधिक सोपे होईल. नियंत्रक मोठा आणि प्रोसेसर लहान असतो, या गृहीतावर हा युक्तिवाद उभा होता. १९९५ मध्ये ते गृहीत बऱ्याच अंशी खरे होते. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने आपली साठवणूक सेवा बाजारात आणली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत परिस्थिती उलटी झाली: रुग्णालये, शाळा आणि दुकाने अशा लाखो लहान नियंत्रकांच्या समोर मूठभर प्रचंड प्रोसेसर उभे राहिले, आणि कराराचा मसुदा नियंत्रकाने लिहायचा असतो ही कायद्याची कल्पना कागदावरच राहिली. प्रोसेसरने छापलेला करार जसाच्या तसा मान्य करणाऱ्या लहान संस्थेने त्याला सूचना देणे आणि त्याच्यावर देखरेख ठेवणे अपेक्षित होते, जे करण्याची तिची कुवतच नव्हती.

२००६ मध्येच दुसऱ्या एका प्रकरणाने प्रोसेसर या बिरुदाचा आडोसा किती सोयीचा आहे हे दाखवले. बेल्जियममधील ला हुल्प येथे मुख्यालय असलेली स्विफ्ट ही बँकांची सहकारी संस्था जगभरच्या बँकांमधील पैसे पाठवण्याचे संदेश वाहून नेते. तिची एक संगणक यंत्रणा युरोपात आणि दुसरी, तिची हुबेहूब प्रत, अमेरिकेत होती, आणि प्रत्येक संदेश दोन्हीकडे १२४ दिवस साठवला जाई. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या वित्त खात्याने बजावलेल्या आदेशांनुसार या साठ्यातील माहिती अमेरिकी सरकारला दिली जात होती, हे जून २००६ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. आपण केवळ बँकांच्या वतीने काम करणारे प्रोसेसर आहोत, अशी स्विफ्टची भूमिका होती. युरोपातील डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या संयुक्त गटाने नोव्हेंबर २००६ मध्ये ती अमान्य केली: अमेरिकेत साठा ठेवण्याचा निर्णय स्विफ्टचा, सेवेच्या अटी ठरवणारी स्विफ्ट, आणि अमेरिकी वित्त खात्याशी वाटाघाटी करणारीही स्विफ्टच, तेव्हा ती बँकांसोबत नियंत्रक ठरते. करारात कोणते नाव लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात निर्णय कोण घेतो हे पाहायचे, हा दंडक त्या मतातून पक्का झाला.

जर्मनी आपल्या जुन्या वाटेवरून पुढे जात होती. २००८ मध्ये तेथे ग्राहकांच्या माहितीच्या चोरट्या व्यापाराची प्रकरणे उघडकीस आली, त्यानंतर २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि काम सोपवण्याच्या करारात कोणत्या दहा बाबी लिहिल्याच पाहिजेत याची यादी घातली गेली. करार नीट न करणाऱ्या नियंत्रकाला पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकत असे. काम दुसऱ्या उपठेकेदाराकडे देण्याची मुभा, नियंत्रकाचा तपासणीचा हक्क, काम संपल्यावर माहिती परत करणे वा पुसणे या बाबी त्या यादीत होत्या, आणि पुढच्या युरोपीय कायद्याचे अठ्ठाविसावे कलम वाचताना याच यादीची आठवण होते.

हा पुढचा कायदा म्हणजे २७ एप्रिल २०१६ रोजी स्वीकारलेला आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेला सर्वसाधारण डेटा संरक्षण विनियम, जो ‘जीडीपीआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. निर्देशाप्रमाणे तो प्रत्येक देशाच्या कायद्यात उतरवावा लागत नाही. तो थेट लागू होतो. त्याने करार काढून टाकला नाही, उलट त्यातील मजकूर अधिक तपशिलाने ठरवून दिला: लेखी सूचनांनुसारच काम, काम करणाऱ्या प्रत्येकाला गुप्ततेचे बंधन, माणसांनी आपले हक्क बजावले तर नियंत्रकाला मदत, तपासणीला मुभा, आणि नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीशिवाय उपप्रोसेसर न नेमणे. पण त्याच्या जोडीला त्याने प्रोसेसरवर स्वतंत्र कर्तव्येही टाकली. प्रोसेसरने आपल्या कामाची नोंदवही ठेवली पाहिजे; धोक्याच्या प्रमाणात सुरक्षा राखली पाहिजे; माहितीचा भंग झाल्याचे कळताच विनाविलंब नियंत्रकाला कळवले पाहिजे, म्हणजे नियंत्रकाला ७२ तासांत पर्यवेक्षण यंत्रणेला कळवता येईल; काही परिस्थितींत डेटा संरक्षण अधिकारी नेमला पाहिजे. यांपैकी अनेक कर्तव्ये मोडल्यास एक कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या दोन टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. सूचना ओलांडून प्रोसेसरने स्वतःच हेतू ठरवला तर तो त्या कामापुरता नियंत्रक समजला जातो. स्विफ्टच्या प्रकरणातील विचार येथे कलमाच्या रूपात आला.

भरपाईची योजना सर्वांत विचारपूर्वक बेतलेली आहे. प्रोसेसरने स्वतःची कर्तव्ये मोडली किंवा कायदेशीर सूचनांबाहेर काम केले तरच तो भरपाईसाठी जबाबदार ठरतो. पण एकदा तो जबाबदार ठरला की नुकसान झालेला माणूस संपूर्ण रक्कम नियंत्रकाकडून किंवा प्रोसेसरकडून, कोणा एकाकडून मागू शकतो, आणि मग त्या दोघांनी आपापसांत हिशेब मिटवायचा असतो. १९९८ च्या युक्तिवादातील हेलपाट्यांची भीती या तरतुदीने दूर होते, आणि ती दूर करण्यासाठी ठेकेदाराला मोकळे सोडण्याची गरज नव्हती हेही सिद्ध होते.

दंडाचे अधिकार कागदावर राहिले नाहीत. फ्रान्सच्या पर्यवेक्षण यंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे एका संकेतस्थळावर झालेल्या हल्ल्यांबद्दल नियंत्रकाला दीड लाख आणि त्याच्या प्रोसेसरला पंच्याहत्तर हजार युरो दंड केला. ब्रिटनमध्ये मार्च २०२५ मध्ये ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटर सॉफ्टवेअर ग्रुपला ३० लाख ७० हजार पौंडांचा दंड झाला, आणि केवळ प्रोसेसर म्हणून दंड झालेले ते तेथील पहिले प्रकरण होते. ही कंपनी राष्ट्रीय आरोग्य सेवेला संगणक सेवा पुरवत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये हल्लेखोर एका ग्राहकाच्या खात्यातून तिच्या यंत्रणेत शिरले, कारण त्या खात्याला पासवर्डाशिवाय ओळखीची दुसरी पडताळणी नव्हती. ७९,४०४ लोकांची माहिती गेली, आणि तिच्यात घरी शुश्रूषा घेणाऱ्या ८९० रुग्णांच्या घरात प्रवेश कसा करायचा याचे तपशीलही होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने परिचारिकेसाठी सांगून ठेवलेली दाराची खूण ज्याच्या यंत्रावर होती, त्याचे नावही त्या रुग्णाला ठाऊक नसणार. १९८४ च्या ब्यूरोला असलेले सुरक्षेचे कर्तव्य मधल्या काळात काढून घेतले नसते, तर या व्यवसायात त्याची सवय एक पिढी आधीच रुजली असती.

भारताकडे वळताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की मुंबई, पुणे, बंगळुरू येथील कंपन्यांना प्रोसेसरची कर्तव्ये देशाच्या कायद्यातून कळण्याआधी परदेशी ग्राहकांच्या करारांतून कळली. भारताचा कायदा पुरेसे संरक्षण देतो असा निर्णय युरोपीय आयोगाने कधी दिलेला नाही. त्यामुळे युरोपातील माहिती येथे यायची तर आयोगाने ठरवून दिलेली प्रमाण करारकलमे, जी प्रोसेसरांसाठी २००१ च्या अखेरीस आली आणि पुढे २०१० व २०२१ मध्ये बदलली, स्वीकारावी लागत. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवून त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि या धंद्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ऐरणीवर आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली, दोन कलमे आणली. कलम ७२-अ ने करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याचे नुकसान वा स्वतःचा लाभ करण्याच्या हेतूने उघड करणे हा गुन्हा ठरवला. कलम ४३-अ ने संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या किंवा हाताळणाऱ्या कोणत्याही कंपनीने सुरक्षेत हयगय केली आणि त्यामुळे नुकसान झाले, तर तिला भरपाई देण्यास बांधील केले. हे कलम नियंत्रक आणि प्रोसेसर असा भेद करत नाही. माहिती ज्याच्या यंत्रणेत आहे तो जबाबदार, एवढेच ते सांगते. ब्रिटनच्या १९८४ च्या कायद्याशी असलेले त्याचे साम्य कोणी ठरवून आणलेले नसेल, पण ते साम्य खरे आहे. एप्रिल २०११ च्या नियमांनी संमती आणि माहिती उघड करण्याच्या अटी घातल्या तेव्हा सेवा उद्योगातून तक्रारी झाल्या, आणि ऑगस्ट २०११ मध्ये सरकारने खुलासा करून कराराने दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्यांना त्या अटींतून मोकळे केले. सुरक्षेचे कर्तव्य मात्र राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात सुरक्षेचे कर्तव्य माहितीचा विश्वस्त, म्हणजे भारतीय परिभाषेतील नियंत्रक, आणि प्रोसेसर या दोघांवरही टाकले होते, उपप्रोसेसर नेमण्यास परवानगीची अट घातली होती आणि भरपाई दोघांकडूनही मागण्याची सोय केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने नव्याने प्रसिद्ध केलेला मसुदा कितीतरी आखूड होता, तरी सुरक्षा राखणे आणि भंग झाल्यास कळवणे ही दोन कर्तव्ये त्यातही विश्वस्त आणि प्रोसेसर दोघांवर होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात प्रोसेसरचे नाव या कर्तव्यांमधून नाहीसे झाले.

या कायद्याच्या आठव्या कलमानुसार प्रोसेसरने केलेल्या कामासाठीही विश्वस्तच जबाबदार असतो, मग त्यांच्यातील करारात काहीही लिहिलेले असो. विश्वस्ताने वैध करारानेच प्रोसेसर नेमायचा. संमती काढून घेतली गेली तर प्रोसेसरलाही काम थांबवायला लावायचे. माहिती पुसायची वेळ आली तर त्यालाही पुसायला लावायचे. सुरक्षेतील कसुरीबद्दल विश्वस्ताला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम प्रोसेसरसोबतच्या करारात सुरक्षेच्या तरतुदी असाव्यात असे सांगतात, आणि तेथेच थांबतात. ब्रिटनने १९९८ मध्ये निवडलेला हा मार्ग भारताने २०२३ मध्ये निवडला, आणि तोही ब्रिटन व युरोप यांनी तो सोडून दिल्यानंतर पाच वर्षांनी. शिवाय ब्रिटनच्या त्या कायद्यात निदान नियंत्रकाकडून भरपाई मागता येत होती. भारताच्या नव्या कायद्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाईची तरतूदच नाही, दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, आणि जे कलम ४३-अ ठेकेदाराकडूनही भरपाई मिळवून देऊ शकत होते ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. भारतासारख्या देशात, जेथे अनेक विश्वस्त हे सहकारी बँका, नगरपालिका, शाळा आणि लहान दवाखाने आहेत आणि त्यांची माहिती सांभाळणाऱ्या कंपन्या त्यांच्याहून कैक पटींनी मोठ्या आहेत, तेथे सारा भार विश्वस्तावर ठेवणे हा चुकीचा निर्णय आहे.

या निर्णयाचा परिणाम एकाच कंपनीच्या दोन करारांत दिसतो. कायद्याच्या सतराव्या कलमानुसार परदेशातील माणसांची माहिती परदेशी ग्राहकाशी केलेल्या कराराखाली भारतात हाताळली जात असेल, तर सुरक्षेसारख्या मोजक्या बाबी सोडून कायद्यातील बहुतेक कर्तव्ये लागू होत नाहीत. पण युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या प्रमाण कलमांनुसार, ज्याची माहिती आहे तो माणूस करारावर सही नसतानाही त्यातील अनेक कलमांचा लाभार्थी मानला जातो आणि माहिती घेणाऱ्या भारतीय प्रोसेसरविरुद्धही ती बजावू शकतो. म्हणून हिंजवडीतील एखाद्या कंपनीने जर्मन विमाधारकाच्या नोंदी निष्काळजीपणे हाताळल्या तर तो विमाधारक आपल्या गावच्या न्यायालयात त्या कंपनीकडूनच भरपाई मागू शकतो. त्याच कंपनीने साताऱ्यातील सहकारी बँकेच्या खातेदाराच्या नोंदी तशाच हाताळल्या, तर नवा कायदा पूर्ण अंमलात आल्यावर त्या खातेदाराला त्या कायद्याखाली बँकेकडे तक्रार करता येईल, ती सुटली नाही तर त्याच कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल, आणि मंडळाने दंड केला तर तो बँकेला होईल.